कंबर बरी झाल्यावर

रखमाची कंबर बरी झाली आणि तिची खरी पंचाईत झाली.

दिवाळीपासून तिने जगाला एकच सांगितलं होतं, कंबर धरलीय. भोईवाड्याजवळच्या मासळीबाजारात सासूकडून आलेला तिचा ओटा. टोपल्या वाहून कुणाची कंबर धरत नाही? म्हणून शेजारच्या ओट्यावरची चांगुणा तिच्या ओट्यावर रोज थोडा बर्फ आणि आपले चार बोंबील पसरायची, ओटा रिकामा दिसू नये म्हणून. पण डोकं बिघडलेल्या बाईचा ओटा कुणी राखत नाही. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यातली एक बाई धंद्यावर बसल्या बसल्या रडायला लागली, तर महिन्याभरात तिच्या जागी दुसरीचा कोयता चालू. तिला उठवण्यात रखमा पुढे होती. तेव्हा रखमाला बाजाराचा न्याय चांगला ठाऊक.

प्रभादेवीतल्या तिच्या खोलीत सकाळी डोळे उघडले की छातीवर कुणी भरली टोपली ठेवल्यासारखं वाटायचं. नवरा, हरेश्वर, म्हणायचा, "पोरगा कामाला, सून सोन्यासारखी, तुला कमी काय गो?" कमी काय ते कळलं असतं तर तिने बाजारातून भाव करून आणलं नसतं?

सुनेने, किर्तीने, मोबाईलवर शोधून तिला दादरला नेलं. ऋता मॅडम, कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने मणके बसवणाऱ्या. त्यांनी एक्स-रे बघितला, पालथं झोपवलं आणि मणक्यावर असा दाब दिला की कडकन आवाज झाला.

"आई गो! मोडलंस का काय मला?"

"मोडायचं काम तुम्हीच केलंय मावशी. तीस वर्षं डोक्यावर टोपली!"

वर पथ्यं सांगितली. सकाळचं ऊन, चालणं, पोटातून श्वास, वेळेवर जेवण. किर्ती हात धरून गच्चीवर न्यायची, म्हणून पाऊस उघडला की रखमा ऊन खायची. दोन महिन्यांत पाठ मोकळी झाली. टोपली छातीवर तशीच.

सहाव्या खेपेला मॅडमनी विचारलं, "झोप लागते?"

"लागते."

"डोळे तसं सांगत नाहीत." त्या स्टूल ओढून समोर बसल्या. "अंग हलकं झालं की मनाला जरा उसंत मिळते, तेवढं माझं काम. पण मनाचा आजार हाडं कडकडवून जात नाही. जाईल म्हणणाऱ्याच्या दारात उभ्या राहू नका. महापालिकेच्या हॉस्पिटलात मनाचे डॉक्टर बसतात. आधी तिथे जा."

रखमाने मान हलवली आणि गेली नाही. किर्तीने मात्र बाजारात आनंदाने सांगून टाकलं, आईंची कंबर बरी झाली.

पाचव्या दुपारी चांगुणा दारात. "नारळी पुनव झाली, बोटी गेल्या, बाजार भरला. ये आता गो बाय. तुज्या ओट्यावर दोघींचा डोळा हाय."

"येते उद्या."

"चार दिवस झाले, किर्ती पण उद्याच सांगते."

रखमा उठून बसली. कंबर जरासुद्धा कुरकुरली नाही. मेली आत्ता दुखली असती तर किती बरं! नवीन काही रचायचं तर त्यालाही अंगात जीव लागतो.

"कंबर बरी हाय," ती म्हणाली. "मीच बरी नाय. उठवतच नाय मला. रडू येतं, कशाचं ते कळत नाय. मॅडम म्हणते, हॉस्पिटलात मनाच्या डॉक्टरला दाखव."

चांगुणा पदराने मान पुसत राहिली. "म्हणजे... त्या कोपऱ्यातलीसारखं?"

"तसंच. तिला मी नाटकी म्हटलं होतं."

"मी पण." चांगुणा म्हणाली, "मग बाजारात काय सांगू? कंबरच सांगते ना?"

"नको. हाय ते सांग."

"ओटा जाईल."

"जाईल. पण खोटं सांभाळायचं बळ नाय आता."

"कपाळ माझं!" चांगुणा चिडूनच उठली. "आठ दिवस राखते. त्या दोघींशी भांडते. नवव्या दिवसाचं मी सांगत नाय." आणि दारातून वळून, "हॉस्पिटलात एकटी जाऊ नको गो."

आतून सगळं ऐकत असलेली किर्ती म्हणाली, मी येते सोबत, केसपेपरची रांग सकाळी सातलाच लागते. रखमाने हो म्हटलं आणि भिंतीकडे तोंड करून परत आडवी झाली.