पाइपाच्या तोंडाशी ठेवलेल्या चपला

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय. अमावास्या, पिंपळ, पांढरी साडी... आमच्या घरात असल्या गोष्टींना कधी थारा नव्हता. आम्ही धम्मदीक्षा घेतलेल्या घरातले. वडील शाळामास्तर. गावात कुणाच्या अंगात आलं की ते आम्हा भावंडांना मुद्दाम बघायला न्यायचे आणि परतताना विचारायचे, "काय दिसलं? जे दिसलं तेवढंच सांग, मनचं जोडू नको." तर मीही मनचं काही जोडत नाही. अर्थ तुम्ही लावा. मला लावता आलेला नाही, आणि त्यामुळे जीव अजून स्वस्थ नाही.

साल २०११, ऐन उन्हाळा. देवरी तालुक्यात, चिचगड रोडच्या बाजूला जंगलाच्या कडेनं एका कारखान्यासाठी तलावातून पाणी नेणारी लाईन टाकणं चालू होतं. एफआरपीचे पाइप, म्हणजे काचेचे धागे आणि रेझिन मिळून बनतात ते. लोखंडासारखी वेल्डिंग त्यांना चालत नाही. दोन पाइप टोकाला टोक लावायचे, सांध्यावर धाग्यांची मॅट ठेवायची, रेझिनमध्ये हार्डनर कालवून ते रोलरनं जिरवायचं. थोड्या वेळानं सांधा आपोआप तापतो, मग घट्ट होतो. आमचे पाइप एवढे मोठे होते की माणूस रांगत आत जाई आणि सांधा आतूनही मारी. रेझिनचा वास मात्र भयंकर. हवा फेकणारा पंखा चालू नसेल तर डोकं गरगरतं.

मी त्या साइटवर सुपरवायझर होतो. स्वभावानं तापट, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे दिसणारच आहे.

आमच्याकडे एक रीत होती. पाइपात शिरताना चपला बाहेर काढायच्या. देवळासारखं काही नाही हो, तळव्याची माती सांध्यात गेली की सांधा पकड घेत नाही, म्हणून. पण हळूहळू त्या रीतीचा दुसराच उपयोग होऊ लागला. तोंडाशी चपला दिसल्या म्हणजे माणूस आत, नाही दिसल्या म्हणजे पाइप रिकामा. कोणी तसा नियम केला नव्हता, पण झाकण लावताना सगळ्यांची नजर आधी खाली जायची.

त्याच आठवड्यात इंजिनियर साहेबांनी सगळ्यांना सेफ्टी शूज दिले. अर्ध्यांनी ते पेटीतच ठेवले. माझा साळा सुमेध मात्र ते घालून झोपायचाच काय तो बाकी होता! वीस-एकवीस वर्षांचा, बाप नसलेला, मामीजींचा एकुलता एक मुलगा. मामीजी म्हणजे माझ्या सासूबाई, चिचगडला राहायच्या. त्याला कामावर नेताना त्या मला म्हणाल्या होत्या, "जवाईबापू, तुमच्या भरवशावर धाडून राहिली जी मी." हे वाक्य मला त्या दिवसांत जागोजागी टोचायचं. बायको तर रोज फोनवर आधी भावाचं विचारी, मग माझं.

त्या दिवशी पाण्याची टेस्ट होती. एक टोक आधीच बंद होतं, दुसरं बंद करायचं आणि लाईन पाण्यानं भरायची. सुमेध सकाळी टेम्पोनं देवरीला गेला होता, हार्डनर आणायला. जेवणं झाली, हायड्रा क्रेननं लोखंडी झाकण उचलून पाइपाच्या तोंडासमोर लटकवलं. साहेबांची घाई चालली होती. ऊन असं की बोल्टला हात लावता येत नव्हता.

आणि मला चपला दिसल्या.

टायरच्या तळव्याच्या, झिजलेल्या, डाव्या टाचेकडे जास्तच. तोंडाच्या अगदी समोर नीट जोडून ठेवलेल्या, पुढची बाजू पाइपाकडे. मी ओरडलो, "कोण आहे रे आत?" उत्तर नाही. बाहेर सगळ्यांच्या पायात काही ना काही होतं. बिसनदादा आमचा जुना माणूस, झाकणाची रश्शी धरून उभा होता. तो म्हणाला, "भाऊ, आपल्यातल्या कोणाच्याच नाही ह्या."

साहेब म्हणाले, "अरे, किसी चरवाहे के होंगे. फेंको उधर."

मी टॉर्च मारून आत पाहिलं. दिसतं तिथवर काही नव्हतं. पुढे लाईन वळत होती. मग मी लाथेनंच एक चप्पल उडवली, दुसरी उचलून भिरकावली. दोन्ही मातीच्या ढिगापलीकडे पळसाच्या झुडपात पडल्या. भिरकावली तिचा पट्टा तुटलेला मी डोळ्यांनी पाहिला.

झाकणाचं रबर बसवायला आम्ही बाजूला वळलो. आम्ही म्हणजे मी, साहेब, बिसनदादा आणि क्रेनवाला. बाकीचे पंपापाशी, तिथून येणारा माणूस आमच्या समोरून आला असता. रबर घेऊन परत वळलो तर... चपला तोंडाशी. तशाच जोडून. एकीचा पट्टा तुटलेला.

माझं टाळकंच सटकलं. "काऊन रे, मस्करी करून राहिले का? कोणी आणून ठेवल्या?" सगळे माझ्याकडे बघत राहिले. बिसनदादाचा चेहरा उतरला होता. "भाऊ, मी तं रश्शी सोडलीच नाही जी," तो हळू म्हणाला.

"चलो यार, बंद करो, पानी का टाइम हो गया," साहेब म्हणाले.

इथे मी भूतबित मानून थांबलो असं समजू नका. चिडलो होतो म्हणून थांबलो. साइट माझी, आणि माझ्या साइटवर मला न कळणारी गोष्ट चालली होती. पण चिडण्याखाली अजून काहीतरी होतं. हात बोल्टकडे जाईना. मी म्हणालो, "साहेब, एकदा आत जाऊन येतो." ते कपाळाला हात लावून बसले. मी माझे बूट काढले, त्या चपलांच्या शेजारी ठेवले आणि आत शिरलो.

वळणाच्या अलीकडेच वास आला. ताज्या रेझिनचा. त्या दिवशी तर आम्ही रेझिन कालवलंच नव्हतं! मी रांगायचा थांबलो आणि मग, कसं सांगू, कोपर-गुडघे सोलत पळालोच म्हणा. वळणापलीकडे सुमेध पालथा पडला होता. शेजारी रेझिनचं घमेलं दगडासारखं घट्ट झालेलं. पायात ते बूट.

सुमेधनं नंतर सांगितलं ते असं... आदल्या दिवशी त्यानं मारलेल्या एका सांध्यावर नाणं वाजवलं तर आवाज बद्द आला होता. सांधा पोकळ असला की तसा येतो. साहेब मला बोलतील म्हणून पोरानं कोणाला सांगितलं नाही. टेम्पोनं त्याला जेवणाच्या वेळेला रोडवरच सोडलं. आम्ही झाडाखाली जेवत होतो, जनरेटर बंद, पंखा बंद. तो रेझिन कालवून सांधा परत मारायला सरळ आत गेला, बूट घालूनच. बाहेर खूण काही राहिलीच नाही.

बखोटीला धरून ओढत आणला त्याला. वाटेत शिव्या देत होतो आणि रडत होतो, दोन्ही एकदम. देवरीला, तिथून गोंदियाला नेलं, ऑक्सिजन लावला. तिसऱ्या दिवशी त्यानं खायला मागितलं तेव्हा माझी बायको माझ्या गळ्यात पडून रडली. नर्ससमोर!

आता तुम्ही म्हणाल, वासानं भास झाला असेल. पण तोंडाशी वास नव्हता, आणि चपला चौघांनी पाहिल्या. शिवाय त्या नाहीशाही झाल्या नाहीत. तिथंच पडून राहिल्या. आजूबाजूच्या गावांत विचारलं, गुराख्यांना दाखवल्या. कोणाच्याच नव्हत्या. आत गेल्यानंतरचं सुमेधलाही काही आठवत नाही. कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. इतक्यांदा विचारलं की एकदा तो वैतागून म्हणाला, "भाऊजी, मी मेलो असतो तं बरं होतं का? कायले तेच तेच विचारून राहिले?"

लाईन बुजवायच्या आधी मामीजी साइटवर आल्या. उकिडवं बसून त्यांनी एका सुतळीनं त्या जुन्या चपलेचं माप घेतलं आणि निघून गेल्या. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी परत आल्या, नव्या चपला घेऊन. चांगल्या, जाड तळव्याच्या. जुन्यांच्या शेजारी ठेवल्या.

मला राग आला. म्हटलं, "मामीजी, हे काय? कोणीतरी उचलून नेईल."

"नेऊ द्या ना जी," त्या म्हणाल्या. "माह्या लेकरासाठी आपल्या चपला काढून ठेवल्या त्यानं. एवढ्या उन्हात अनवाणीच गेला असन ना."

मी त्या चपला तिथंच राहू दिल्या.

चार-पाच दिवसांनी पाहिलं तर नव्या चपला नव्हत्या. जुन्या होत्या तिथंच होत्या. यात नवल काय? कोणीही माणूस नव्या नेईल आणि तुटक्या सोडेल. मी स्वतःला हेच सांगतो, आणि तरी कुठल्याही बाजारात उभा राहिलो की माझी नजर लोकांच्या पायांवर फिरत राहते. आपण काय शोधतोय, हेही मला कळत नाही.

त्या संध्याकाळी चिचगडला जाऊन मी मामीजींना सांगितलं, "नेल्या बघा कोणी तरी. म्हटलं होतं ना?"

त्या अंगणात मोहफुलं निवडत बसल्या होत्या. सुमेध मागच्या खाटेवर झोपला होता. त्यांनी हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मापाच्या झाल्या असन ना जी त्याले?"

मी म्हणालो, "झाल्या असतील."