नत्थूजी सोमकुवरांचा कनटोप

नत्थूजी सोमकुवरांनी आयुष्यात एकच वस्तू घडवली आणि ती एकाच माणसाने ऐकावी म्हणून घडवली. तो माणूस सोडून बाकी सगळ्या पांढुर्णा गावाने ती वापरली. वापरली म्हणतो, ऐकली म्हणत नाही. त्याचं कारण पुढे येईलच.

मी त्यांचा शेजारी, नगरपालिकेतला कारकून. दोन घरांत भिंत एकच, तीही कुडाची. त्यामुळे मला काही ऐकायचं असेल तर कान द्यावा लागत नसे. ऐकायचं नसेल तर मात्र फार कष्ट पडत, कारण नत्थूजी बोलत. चहा पिताना चहाविषयी बोलत, दाढी करताना ब्लेडविषयी. गावच्या टाकीजमध्ये ते ऑपरेटर होते. मशीनच्या खडखडाटात रोज बोलायची सवय, त्यामुळे घरीही आवाज त्याच पट्टीत लागे. माणूस सोन्यासारखा, पण सोनंसुद्धा दिवसभर कानाशी वाजवलं तर नको होतं.

पंच्याऐंशीच्या सुमाराला टाकीजच्या मालकाने ट्रान्झिस्टरचा नवा ॲम्प्लिफायर आणला. जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तार तापून लाल होणाऱ्या काचेच्या नळ्यांचा होता, तो "घेऊन जा बाबा, जागा अडवून रायला" म्हणून नत्थूजींच्या गळ्यात मारला. सोबत खेळाआधी गाणी लावायचा रेकॉर्ड प्लेअर आणि घासून गुळगुळीत झालेल्या रेकॉर्डी. नत्थूजींनी ते धूड उघडलं, त्यातले चांगले व्हॉल्व्ह काढले आणि तेलाच्या पिंपाच्या पत्र्यावर एक लहानसं मशीन उभं केलं. भोंग्याचं नाही, एका माणसाच्या कानापुरतं. नागपूरच्या भंगार बाजारातून फौजी हेडफोन आणला. काळा, जड, दोन्ही बाजूंना वाटीएवढ्या कानपाळ्या. मोहल्ल्याने त्याला पहिल्याच दिवशी नाव दिलं, कनटोप.

पहिल्यांदा तो स्वतः लावल्यावर नत्थूजी भिंतीपलीकडून असे ओरडले की मी भाकर टाकून धावलो.

"बाई श्वास घेते, मधुकरभाऊ! गाण्याच्या आंधी! आजवर हे गाणं किती खेपा वाजवलं मी, पण गाणारी बाई जित्ती हाय हे आज समजलं मले!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही लावून पाहिला. व्हॉल्व्ह तापेपर्यंत नुसती बारीक घरघर, मग पेटी, मग खरंच एका बाईने घेतलेला श्वास, आणि तोही कानात नाही, डोक्याच्या मधोमध. मी दचकून मागे पाहिलं. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा आला. पुढचं कडवं कसं असेल म्हणून डोळे मिटले, तोच नत्थूजींनी माझ्या एका कानावरची पाळी उचलली आणि आत ओरडले, "आता पाय, आता तबला येईन!"

तबला येऊन गेला होता.

"हे छायाच्या मायले आयकवायचं," ते म्हणाले. "तिच्यासाठीच बनवलं. आमचं लग्न झालं तवापासून तिनं कधी बसून गाणं आयकलं नाही."

छाया त्यांची मुलगी, आणि तिची माय म्हणजे लीलाबाई. त्या सूप घेऊन ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आंधी पाहुण्याईले आयकू द्या. मी कुठं पयून चालली?"

हीच चूक झाली. नत्थूजींनी ते शब्दशः घेतलं. त्या दिवसापासून घरी कोणी आलं, की जयभीम झाला की पाणी, पाणी झालं की चहा, चहा झाला की कनटोप. नको म्हणणं म्हणजे अपमान. पाहुण्याला खुर्चीत बसवायचं, काच लाल होईपर्यंत थांबवायचं, सुई ठेवायची आणि मग नत्थूजींनी समोर उभं राहून, कान बंद असलेल्या माणसाला, तो काय ऐकतो आहे ते ओरडून समजवायचं. पाहुणा मान हलवी. ऐकू न आल्याची मान आणि दाद दिल्याची मान सारखीच हलते, हे नत्थूजींना कधी उमगलं नाही.

पण खरा गोंधळ वेगळाच होता. कनटोप लावलेल्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आपण कुजबुजतो आहोत असं तो समजतो, आणि आवाज पार गावच्या जाम नदीपर्यंत जातो.

याचा पहिला बळी भिवाजी. भिवाजी विहारातल्या गीतमंडळाचा मुख्य गायक, फार वर्षांपासूनचा. एका सकाळी त्याचा जिवलग मित्र शालिकराम कनटोप लावून बसला होता आणि भिवाजी समोर नंबराची वाट पाहत होता. शालिकराम गाण्यात रंगला आणि मनातल्या मनात म्हणावं तसा गरजला, "अशी गाते बाई! अन आमचा भिवाजी, जिंदगीभर बेसूर! पण सांगन कोण त्याले!"

भिवाजी उठला. शालिकरामला काही कळेना, तो हसत मान डोलावत होता. भिवाजीने त्याची गचांडी धरली तेव्हा कनटोप गळ्यात आला आणि शालिकराम म्हणाला, "का झालं गा?"

प्रकरण हातघाईवर गेलं. शेवटी भिवाजीचा, नदीपलीकडच्या सावरगावचा मामा पुढे झाला. म्हाताऱ्याच्या कपाळावर गोटमारीतली जुनी खोक होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे नदीच्या या काठाचे आणि त्या काठाचे लोक एकमेकांना दगड मारतात, आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांकडे चहा पितात. म्हातारा त्याच न्यायाने बोलला.

"गोटमारीत गोटा लागला तं कोणी इचारते का, कोणाचा व्हता म्हणून? नाही ना? मंग कनटोपात बोललेलं बी धरायचं नाही. खाली बस."

सगळ्यांना पटलं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटेल, पण आमच्याकडे न्याय म्हणजे पटणं. भिवाजी बसला. मग आपली पाळी आल्यावर त्याने कनटोप चढवला आणि शालिकरामविषयी जे काही सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही.

झालं. दुसऱ्या दिवसापासून नत्थूजींच्या दारात रांग. गाण्यासाठी कोणी येत नव्हतं. जयवंता आली, गल्लीच्या टोकाच्या यमुनाबाईची सून. येताना सासूलाही हाताला धरून घेऊन आली.

"कोणती रेकॉर्ड लावू, बेटा?" नत्थूजींनी विचारलं.

"कोणतीबी लावा, काकाजी. जोरात लावा."

कनटोप चढला आणि ती डोळे मिटून म्हणाली की आत्याबाईच्या हाताला चव नाही, कधी नव्हती, अन घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मग कनटोप काढून शांतपणे सासूच्या हातात दिला. सासूने चढवला. व्हॉल्व्ह गरम होते, उत्तर तयार होतं. दोघी जाताना एकमेकींना धरून पायरी उतरल्या आणि त्यानंतर त्या घरात भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. मात्र त्यांनी काय ऐकलं असं विचाराल तर दोघींना सांगता यायचं नाही.

नत्थूजी खंतावत. "बाई श्वास घेते थे आयकलं का?" ते प्रत्येकाला विचारत. लोक म्हणत, "हो जी, मस्त घेते." आणि पुढचा बसे.

छायाला पाहायला सौंसरची मंडळी आली तेव्हाही नियम चुकला नाही. मुलाचे वडील पुंडलिकराव, अंगावर इस्तरीचा सदरा, बोलणं मोजून. मी मध्यस्थ म्हणून बसलो होतो. पोहे झाले, चहा झाला. नत्थूजींनी कनटोप आणला. मी खुणावलं, डोळे वटारले, पाय दाबला. पाय त्यांचा नव्हताच, पुंडलिकरावांचा होता.

पुंडलिकराव बसले. गाणं सुरू झालं. थोड्या वेळाने ते बायकोच्या कानाशी झुकले आणि गुपित सांगावं तसे गर्जले, "पोरगी लय चांगली हाय! आपल्या गुलाम्याले कशी काय देऊन रायले? मॅट्रिक नापास हाय म्हणून सांगू नको बरं!"

गुलाम्या, म्हणजे नवरामुलगा, बशीकडे पाहत राहिला. त्याच्या आईने पदर तोंडाला लावला. बाहेर ओसरीवर बसलेला मोहल्ला छताकडे पाहू लागला. नियम म्हणजे नियम, कोणी काही ऐकलं नव्हतं. पुंडलिकरावांनी कनटोप उतरवला आणि गंभीरपणे म्हणाले, "आवाज चांगला हाय. आमचा मुलगा बी खूप शिकलेला हाय."

आतून छाया हसली. ते हसणं इतकं मोकळं होतं की मुलानेही मान वर केली आणि तोही हसला. लग्न ठरलं ते तिथेच. मॅट्रिकचं प्रकरण आम्हाला लग्नानंतर रीतसर कळवण्यात आलं आणि आम्ही रीतसर आश्चर्य केलं.

या सगळ्यात लीलाबाईंनी कनटोपाला हात लावला नव्हता. नत्थूजी रोज विचारत. त्या रोज काही कारण सांगत. भाजी चिरायची आहे, पाणी यायचं आहे, केस ओले आहेत. छाया सासरी गेल्यावर कारणंही संपली, तेव्हा एकदा त्या मला म्हणाल्या, "मले भेव वाटते, भाऊजी. सारे लोकं त्याच्यात खरं बोलतेत. मी लावलं अन माह्या तोंडातून काही निंगालं तं?"

"काय निघेल?" मी विचारलं.

"थेच तं," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

मोहल्ल्याला ही गोष्ट कळली. कळवली मीच असेन, आमच्याकडे अशा गोष्टी पोटात राहत नाहीत. आता लोकांना एकच उत्सुकता लागली, लीलाबाई काय बोलतील? त्या बाईने इतक्या वर्षांत आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. शालिकराम म्हणे, दागिन्यांचं काढेल. यमुनाबाई म्हणे, सासरच्यांचं.

अशात व्हॉल्व्ह निकामी होऊ लागले. विजेचा दाब वरखाली व्हायचा आणि दिवसभर माणसं बसलेली. एकेक काच काळी पडत गेली. नत्थूजी नागपूरला गेले, दुकानं पालथी घातली. एक दुकानदार म्हणाला, "काकाजी, हे आता म्युझियममध्ये पाहा." परत आले ते गप्प होते. नत्थूजी गप्प! मला इतकं वाईट वाटलं की मी स्वतः भिंतीपाशी जाऊन विचारलं, बोलत का नाही म्हणून.

"शेवटची काच लावली हाय," ते म्हणाले. "आता कोणालेच देणार नाही. तिनं एक डाव आयकलं, बस. मंग फुटू दे."

लीलाबाईंनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, सुपातले तांदूळ अर्धे निवडून झाले असताना, त्या खुर्चीत येऊन बसल्या. "लावा," म्हणाल्या.

बातमी भिंतीवरून कशी गेली कोण जाणे, ओसरी भरली. कुंपणावर माणसं बसली. भिवाजी, शालिकराम, जयवंता, सासूसुद्धा. नत्थूजींनी कनटोप त्यांच्या अंबाड्यावरून हळूच बसवला, काच तापू दिली, सुई ठेवली.

लीलाबाईंनी डोळे मिटले. कपाळावर आठी होती. नत्थूजींना राहवेना. "आता, आता पाय, श्वास..." म्हणत त्यांनी पाळी उचलायला हात नेला. लीलाबाईंनी डोळे न उघडता तो हात झटकला.

आणि तेवढ्यात काच विझली. मी समोरच होतो, मला दिसलं. लाल तार काळी झाली. नत्थूजींनाही दिसलं. श्वासाच्या आधी की नंतर, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रेकॉर्ड फिरत राहिली. सुईपाशी कान नेला तर मुंगीएवढं गाणं ऐकू येत होतं, पण कनटोपात आता काहीच नव्हतं.

नत्थूजींचा चेहरा पाहवेना. ते खाली वाकले, वायर हलवली, व्हॉल्व्ह दाबला, बोट भाजलं. मग हताश होऊन लीलाबाईंकडे वळले, झालं ते सांगायला.

लीलाबाईंच्या कपाळावरची आठी गेली होती. खांदे खाली आले होते. मी त्या बाईला इतकी वर्षं पाहतो आहे, पण असा चेहरा पाहिला नव्हता. मग त्या बोलल्या. पार नदीपलीकडे जाईल अशा आवाजात बोलल्या.

"अजी! आता लागलं पाहा बरोबर! किती शांत हाय हो हे! लग्न झालं तवापासून असं कधी आयकलं नाही मी!" त्यांनी एक डोळा उघडून नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी बोलून रायले का? बोला, बोला. मले काहीच नाही आयकू येऊन रायलं!"

ओसरीवर कोणी हसलं नाही. नियमाप्रमाणे कोणी काही ऐकलंही नव्हतं. एकेक जण उठून चप्पल शोधू लागला.

नत्थूजींनी तोंड उघडलं. व्हॉल्व्ह कसा जळाला, का जळाला, तार कशाची असते, सगळं ओठावर आलेलं मला दिसत होतं. मग त्यांनी तोंड मिटलं. खुर्चीजवळ जमिनीवर बसले, अर्धं राहिलेलं सूप पुढ्यात ओढलं आणि तांदळातले खडे वेचू लागले. रेकॉर्ड संपली तेव्हा ते उठले, आणि आवाज न करता त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली.