एक कोटी सदुसष्ट लाख रंग

जगात बाजार करणारी माणसं पुष्कळ असतील, पण वस्तू न घेण्यात आमच्या दाजींचा हात धरील असा माणूस सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत शोधून सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. राहणार तासगाव, धंदा द्राक्षबागेचा आणि बेदाण्याचा. बेदाण्याच्या व्यापाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते, ती म्हणजे पेटीतला वरचा थर गिऱ्हाइकासाठी असतो आणि खरा माल तळाशी असतो. दाजींनी हा नियम सगळ्या सृष्टीला लावला होता. चप्पल घ्यायला गेले की दुकानातली नवी चप्पल पायात घालून एसटी स्टँडपर्यंत जाऊन यायचे. छत्री घेताना दुकानदाराच्या माणसाला माडीवर पाठवून वरून बादलीभर पाणी ओतायला लावायचे. साताऱ्यात आमच्याकडे आले तेव्हा त्यांनी कंदी पेढ्यांच्या दुकानात परातीच्या तळातला पेढा मागितला. तो काढताना वरचा अख्खा ढीग घरंगळला, दुकानदार कपाळाला हात लावून बसला, आणि हे शांतपणे मला म्हणाले, "वरचा माल पावन्यागत असतोय. नटून बसल्याला."

अक्काला बघायला आले तेव्हाही हेच. अक्कानं शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा दिल्या होत्या आणि तिचा हात खरोखर सुरेख होता. वडिलांनी कौतुकानं तिच्या चित्रांची चवड पुढं ठेवली. बाकीची मंडळी वरची दोन चित्रं बघून पोह्यांकडं वळली. दाजींनी मात्र तळाचं चित्र ओढून काढलं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि तिथल्या तिथं होकार कळवला. झटपट म्हणावी अशी त्यांच्या आयुष्यातली ही एकच पसंती. वडील म्हणाले, "मुलीला कलाशिक्षकाचा कोर्स करायचाय. सांगलीला सोय आहे." दाजी म्हणाले, "करू द्या की. माझा शब्द हाय." शब्द मनापासूनचा होता हो, त्यात खोट नव्हती. पण आधी हंगाम उरकू दे, मग शेड उभी राहू दे, मग पोरं शाळेला जाऊ देत, असं म्हणता म्हणता अक्काच्या रंगाच्या बाटल्या माळ्यावर सुकून दगड झाल्या. ती त्याबद्दल कधी चकार शब्द बोलली नाही. बोलली असती, भांडली असती, तर दाजी निदान सुटले तरी असते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. पुण्याला एका खरेदीदाराच्या कचेरीत दाजींनी एका मुलीला संगणकावर बेदाण्याच्या पुड्यावरचं चित्र काढताना बघितलं आणि तासगावला जायचं सोडून ते थेट साताऱ्याला माझ्या दारात उभे राहिले. "गड्या, रंग वाळत न्हाई, कागद भिजत न्हाई, ब्रश धुवाय लागत न्हाई. बेदाना पसरून झाला की दुपारच्याला बसावं आनि काढावं. तुझ्या अक्काला ह्ये पायजे." मी तेव्हा एका पतपेढीत कारकून होतो. आमच्याकडं नवाच संगणक आला होता आणि मी त्यावर पत्ते खेळायला शिकलो होतो. एवढ्या भांडवलावर दाजींनी मला तज्ज्ञ ठरवलं. तयार संगणक घ्यावा असं मी सुचवून बघितलं, तर म्हणाले, "बंद डब्यातला माल मी घेत न्हाई. एकेक वस्तू बघून घ्यायची आनि घरी जुळवायची."

सांगलीतल्या त्या दुकानदाराला मी अजून मनातल्या मनात नमस्कार करतो. दाजींनी हार्ड डिस्क मागितली. मग वरची नको, कपाटाच्या तळातली काढा म्हणाले. मग एक या तळहातावर आणि एक त्या तळहातावर ठेवून डोळे मिटून तोलत बसले, कारण वजनदार माल दाणेदार असतो. मग ती चालू करायला लावून तिला कान लावला. "किरकिर वाजतीया."

"आत चकती फिरते ना काका, म्हणून वाजते," दुकानदार म्हणाला.

"फिरू दे की. पर गप फिरू दे. मंडळी चित्र काढत असताना ध्यान मोडंल."

मी हळूच म्हटलं, दाजी, एवढी मोठी डिस्क लागायची नाही. तर माझ्याकडं दयेनं बघून म्हणाले, "आरं, कोल्ड स्टोरेज हाय ते. एकदा काढाय लागली की ती थांबायची न्हाई. चित्रं ठेवायची कुठं?"

त्यानंतर ग्राफिक्स कार्ड. पडद्यावर रंग उमटवणारं हे कार्ड दुकानदारानं दाखवलं आणि यावर दोनशे छप्पन्न रंग दिसतात असं अभिमानानं सांगितलं. दाजींच्या बाजारात बेदाण्याचे रंग तीन, हिरवा, पिवळा आणि काळा, तेव्हा हे ऐकून ते खूश व्हायला हवे होते. पण त्यांनी विचारलं, "ह्येच्या खाली काय हाय?" दुकानदार बिचारा खरं बोलला. म्हणाला, जास्त मेमरीचं कार्ड पुण्याहून मागवलं तर एक कोटी सदुसष्ट लाख रंग दिसतील. दाजी तिथल्या स्टुलावर बसले. बराच वेळ त्यांनी त्या लहान कार्डाकडं बघितलं. "वीस वर्सं थांबलीया ती," ते मला म्हणाले, "आनि आता तिला दोनशे छप्पनात बसवू व्हय?" त्या वेळी मला हसू आलं होतं. आता नाही येत.

शेवटी बेदाण्याच्या बाजारातल्या दस्तुरानं सौदा ठरला. माल नमुन्यासारखा निघाला नाही तर परत, आणि परत आलेला माल दुकानदारानं कोरा करून पुढं द्यायचा. तेवढ्यापुरती एक लहान डिस्क आणि ते दोनशे छप्पन्न रंगांचं कार्ड घालून संगणक तासगावला आला. खरी निवड पुढं चालू राहिली. दाजी दर आठवड्याला एसटीनं पुण्याला नाहीतर कोल्हापूरला जायचे आणि बेदाण्याच्या पेटीत जुन्या धोतरात गुंडाळून काहीतरी आणायचे. ते पसंत पडेस्तोवर कुणीतरी सांगायचं की पुढच्या महिन्यात याहून चांगलं येतंय, की निघाले हे परत द्यायला. "एवढं बरूबर मिळू दे," अक्काला म्हणायचे, "मग बस तू." त्या संगणकाला कुणी हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

अशाच एका दुपारी दाजी कोल्हापूरला निघाले आणि नेमका मी तासगावला पोचलो. तास-दीड तासानं माजघरात डोकावलो, तर अक्का संगणकापुढं बसलेली. माउस तिनं पेन्सिलीसारखा बोटांत धरला होता. पडद्यावर आमची बेदाण्याची शेड उभी होती. हिरवी जाळी, तिच्यातून पडलेलं उन्ह, वाकून बेदाणा पसरणाऱ्या बायका. रंग मोजकेच होते, हवा तसा जांभळा नव्हता म्हणून तिनं निळ्यात लाल ठिपके भरले होते, आणि मी शपथेवर सांगतो, लांबून तो जांभळाच दिसत होता. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला तिचं लग्नाआधीचं वय आठवलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "यांना सांगू नको. पूर्ण झालं की मीच दाखवीन." संध्याकाळी मी साताऱ्याला परतलो.

पुढचं मला अक्काकडून कळलं. दाजींचं कोल्हापुरात लांबलं आणि शेवटच्या गाडीनं ते आले ते जग जिंकून. मनाजोगतं कार्ड मिळालं, मनाजोगती डिस्क मिळाली. सकाळी अक्का शेडवर गेली तशी त्यांनी जुनी डिस्क आणि जुनं कार्ड स्वतःच्या हातानं काढलं आणि पहिल्या गाडीनं सांगलीला नेऊन परत दिलं, कारण परतीचा माल ठेवून घेणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. दुपारी नवीन जुळणी करून अक्काला बोलावलं. "बस आता. एक कोटी सदुसष्ट लाख हायत."

"जुनी डिस्क कुठाय?" अक्कानं विचारलं.

"परत दिली."

"माझं एक चित्र होतं तिच्यात," अक्का म्हणाली. दूध उतू गेलं हे सांगावं तितक्याच आवाजात.

दाजी तसेच उठले आणि सांगलीला धावले. दुकानदारानं डिस्क कोरी करून दुसऱ्याच्या संगणकात बसवलीसुद्धा होती. "तुमचीच अट होती, काका," तो म्हणाला.

अक्का रागावली नाही. परत बस म्हटलं तर म्हणाली, "आता तसं नाही यायचं हो. वेळ जात नव्हता म्हणून काढलं होतं." आणि खरंच पुन्हा बसली नाही.

त्या रविवारी मी गेलो तेव्हा दाजी संगणकापुढं होते. त्यांनी आयुष्यात बेदाण्याच्या पेटीवरच्या खुणेशिवाय काही काढलेलं नव्हतं. पडद्यावर एक वेडीवाकडी शेड होती. "तू बघितलंस," ते मला म्हणाले, "सांग कुठं काय हुतं." मी सांगत गेलो. जाळी इथं, उन्ह इथं, बायका तिथं. ते जीभ दातांत धरून रेघा ओढत होते. त्या माणसाचा मला राग आला आणि तितकीच मायाही वाटली. अक्का उंबऱ्यात बसून डाळ निवडत होती.

"मी हुतो का रं त्यात?"

"होता दाजी. फाटकाबाहेर. हातात पेटी, एसटीकडं निघालेले. पाठमोरे."

माउस थांबला. दाजींनी अक्काकडं न बघताच विचारलं, "पाठमोराच काढलास?"

"तोंड काढायचं राहिलं होतं," अक्का डाळीतला खडा बाजूला टाकत म्हणाली. "वळून बघताना काढणार होते. म्हटलं, संध्याकाळच्या गाडीनं याल, मग समोर बसवून बघून काढीन."

दाजींनी खुर्ची फिरवली आणि तिच्याकडं तोंड करून, हात मांडीवर ठेवून बसून राहिले. अक्का डाळ निवडत होती.