ब्रेक उशिरा लागतो

खुर्चीत बसले की मामांचा डावा हात आधी वर जायचा, नसलेला आरसा सारखा करायला. "मांगचं दिसल्याबिगर गाडी हालवाची नाई," असं म्हणायचे आणि मगच कॉम्प्युटरचं बटण दाबायचे. हसू नका. मी एकदा हसलो होतो. तेव्हा त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं बसच्या दारात लटकणारी पोरं निमूट खाली उतरायची.

मामा वाशीम-रिठद बसचे ड्रायव्हर. साऱ्या गावाचेच मामा. लकव्याचा हलका झटका येऊन उजवं अंग गेलं, हळूहळू परतही आलं, पण ड्यूटी बंद. मेडिकलमध्ये पास झाले तरच पुन्हा गाडी मिळणार होती. आणि हा माणूस माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात येऊन म्हणतो काय, तर "भाऊ, मले गेमवाला कॉम्प्युटर पायजे. घरी बस चालवाची हाय." मी उडालोच! मोबाईलला डबडं म्हणणारा हा माणूस!

कुठून कुठून जुनं मशीन, गेमचं स्टिअरिंग, पायाखालचे ब्रेक असं सगळं त्यांनी जमवलं. थोड्याच दिवसांत तक्रार आली.

"ब्रेक मारतो, पन गाडी उशिरा थांबते. माह्या पायाचं हाय का मशीनचं, थेवढं सांग."

उघडून पाहिलं तर ग्राफिक्स कार्ड दांडगं आणि प्रोसेसर जुनाट. कार्ड चित्र काढायला तयार, पण प्रोसेसरकडून काम वेळेवर येत नाही, म्हणून पडदा अडखळतो, असं मी समजावलं. वर उन्हाळा, तापला की तो आणखी हळू चालतो.

"म्हंजे डायवर तयार हाय, पन कंडक्टर घंटीच देत नाई!" मामा इतके खूश झाले की त्यांनी मला चहा पाजला. दोष पायाचा नव्हता ना!

नवा प्रोसेसर घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि दारातच हबकलो. कॅबिनेटचं झाकण काढलेलं आणि समोर वाळ्याचा भलामोठा कूलर, पाण्यासकट सुरू! बोर्डावर थेंब!

"मामा, हे काय करून राह्यले?"

"तापते म्हनला ना तू? मोठ्या मशीनीत तं पान्याच्या नळ्या टाकतात म्हन्ते."

"त्या बंद नळ्या असतात, मामा!" मी ओरडलोच. नशीब, बोर्ड जळला नव्हता. तो पुसून वाळवला, प्रोसेसर बदलला. पाण्याच्या नळ्यांच्या भानगडीत न पडता प्रोसेसरवर उंच, छोट्या पंख्याचा कूलर बसवला. आपल्याकडच्या धुळीत तो ब्रशनं साफ करता येतो. चित्र सरसर धावू लागलं.

मामांनी बस काढली. रस्त्यात बैल आडवा आला. ब्रेक. धडक. पुन्हा बैल, पुन्हा धडक. पडदा कुठंच अडखळत नव्हता.

"अजून थोडं सेटिंग राहिलंय," मी म्हणालो.

"बस इथं. तू चालव."

मी चालवली. बैल आडवा आला आणि माझी बस अलीकडेच थांबली. बस वेळेवर थांबल्याचं इतकं वाईट मला कधी वाटेल, असं वाटलं नव्हतं.

"मशीन चांगलं हाय," मामा म्हणाले.

"मेडिकलमध्ये असं कोण पाहतं, मामा? हात वर करायला लावतील, चालायला लावतील. पास व्हाल तुम्ही."

"पास तं होईन, भाऊ. पन गाडीत मानसं बसतात."

मेडिकलला ते गेलेच नाहीत. स्वतः डेपोत जाऊन सांगून आले, गाडी नको.

पुढं ते लेकीकडं आसेगावला राहायला गेले. त्याआधी एकदा रिठदच्या बसमध्ये दिसले, पहिल्या सीटवर, तिकीट काढून बसलेले. मी शेजारी बसलो. गावाजवळ म्हशी आडव्या आल्या आणि नव्या ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. बस थांबली. मी मामांकडं पाहिलं. त्यांचा उजवा पाय तेव्हा कुठं खाली दाबला जात होता.