कुपीतला दहावा डोस

नर्सबाईंचे बूट हा त्या दवाखान्यात महिनाभर चेष्टेचा विषय होता. वर पांढराशुभ्र युनिफॉर्म, इस्त्रीची घडी न मोडलेला, आणि खाली घोट्याच्या वर येणारे, जाड तळव्याचे, तपकिरी ट्रेकिंगचे बूट. केसपेपरच्या खिडकीतला कारकून रोज न चुकता विचारायचा, "बाई, आज कुठल्या शिखरावर ड्यूटी?" बाई हसायच्या आणि ठाकठाक करत लसीच्या खोलीकडे निघायच्या. नवे बूट थेट डोंगरावर घातले तर पायाची सालटी निघतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या बूट घालूनच कामावर यायच्या, बूट घालूनच भाजी आणायच्या, आणि संध्याकाळी घरी पोचल्या की त्यांची आई खुर्चीतून विचारायची, "बसले का गं पायात?"

परदेशी जाणाऱ्यांना लशी टोचायच्या, विमानतळावर दाखवायचं कार्ड भरायचं, शिक्का मारायचा, हे काम बाई बावीस वर्षं करत होत्या. कोणी नोकरीला चाललेलं असायचं, कोणी मुलीच्या बाळंतपणाला, कोणी नुसतं भटकायला. बाई सगळ्यांना "सांभाळून जा" म्हणायच्या, आणि स्वतः संध्याकाळी आईच्या गोळ्या घेऊन घरी. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "निघायची तारीख?" ती कळली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन टेकवून त्या उलटे दिवस मोजत. कारण यलो फीव्हरची लस आज टोचली म्हणून आज चालत नाही. कार्ड लागू होतं ते दहा दिवसांनी. त्यातून एका कुपीत डोस दहा. कुपीतली भुकटी एकदा पाण्यात कालवली की सहा तासांत संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून ही लस फक्त गुरुवारी, आणि यादीत दहा नावं झाली तरच. एखाद्या साहेबाचा मेहुणा बुधवारी येऊन आदळला तरी बाई कुपी फोडायच्या नाहीत.

या गुरुवारच्या यादीत दहावं नाव त्यांचं स्वतःचं होतं. ते लिहिताना त्यांचं अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं.

रविवारी डोंगर चढणाऱ्या एका टोळीत बाई गेली पंधरा वर्षं होत्या. टोळीचा म्होरक्या एक निवृत्त मास्तर. हमखास वाट चुकायचा म्हणून सगळे त्याला होकायंत्र म्हणत. यंदा या होकायंत्राने परदेशातला मोठा डोंगर ठरवला. चालणंच अकरा दिवसांचं, जाऊन-येऊन सोळा. बाईंनी पहिल्याच बैठकीत हात वर केला. मग दुसरा हात वर झाला तो त्यांच्या धाकट्या बहिणीचा. धाकटीला डोंगराची गोडी लावली ती बाईंनीच. पहिल्या दिवशी ती अर्ध्या चढावर रडत बसली होती, तेव्हा पाठीवर स्वतःची आणि पोटावर तिची सॅक बांधून बाई माथ्यापर्यंत गेल्या होत्या.

अडचण एकच होती, आई. बाईंनी लग्न केलं नव्हतं, तेव्हा आई त्यांच्याकडे हे कधी कोणी ठरवलंच नाही, ते तसंच होत गेलं. दादाचं घर मोठं, धाकटीचं घर जवळ, पण आईला शिंक आली तरी दोघांचं एकच वाक्य, "तू नर्स आहेस ना." यावेळी मात्र दादा म्हणाला होता, "सोळा दिवस मी ठेवतो आईला, तुम्ही दोघी जा." बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी वहिनीला आईच्या गोळ्यांचा तक्ता रंगीत पेनांनी करून दिला.

कागदपत्रांचं काम धाकटीने अंगावर घेतलं. "ताई, तुला सुट्टी कुठे मिळते. दोघींचं एकदमच करते." बाईंनी पासपोर्ट दिला. फोटो दिले, तेही दोनदा काढून, कारण पहिल्यात कान झाकले गेले होते. बँकेचे कागद, रजा मंजूर झाल्याचं पत्र, विम्याचा फॉर्म, सगळं एका पिवळ्या फाइलमध्ये घालून दिलं. विमान वीस तारखेला, असं धाकटीने सांगितलं. बाईंनी वीसवर लाल गोल केला. रजेच्या बदल्यात महिनाभर रविवारच्याही ड्यूट्या घेतल्या, त्यामुळे टोळीबरोबर चढणं तेवढं राहून गेलं.

दोन तारखेच्या त्या गुरुवारी सगळ्यात आधी होकायंत्र हजर झालं. बाही वर करून स्टुलावर बसताना त्याने बाईंच्या पायांकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"गुडघा दुखत असताना इतके जड बूट कशाला घालता हो? फार वाईट वाटलं. तुमच्याशिवाय मजा नाही येणार."

"कुणाचा गुडघा?" बाई सिरिंज भरत होत्या.

"तुमचाच. धाकट्या बाईंनी सांगितलं ना मागच्या महिन्यात, की डॉक्टरांनी तुम्हाला चढायला बंदी केली म्हणून. म्हणाल्या, ताईपाशी विषय काढू नका, ती मनाला फार लावून घेते." मास्तर ओशाळला. "मी मात्र काढलाच."

बाईंनी सिरिंजमधला बुडबुडा टिचकीने काढला. बावीस वर्षांची सवय होती ती. त्यांनी सुई टोचली, कापूस दाबून धरला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "निघायची तारीख?"

"तेरा. आजच टोचून घ्यायला हवं म्हणून तर धावत आलो. पुढचा गुरुवार धरला असता तर दहा दिवस भरले नसते."

बाईंनी कार्डावर तेरा लिहिलं. भिंतीवरचा वीसचा लाल गोल त्यांच्याकडे बघत होता. पुढची सात माणसं त्यांनी कशी टोचली ते त्यांनाच माहीत. टोळीतले बाकीचे त्यातच होते. त्यांनीही गुडघ्याची चौकशी केली. बाई प्रत्येकाला म्हणाल्या, "बरा आहे."

धाकटी अकरा वाजता आली. येताना सगळ्यांसाठी बिस्किटांचा पुडा घेऊन आली, हसत, घाईत.

"लवकर टोच गं ताई, ऑफिसात तासाभराचंच सांगून आलेय."

"बस." बाईंनी रजिस्टर ओढलं. "ताप आहे? अंड्याची अ‍ॅलर्जी? काही औषध चालू?"

"मला काय विचारतेस, तुला माहीत नाही का?"

"सगळ्यांना विचारते. निघायची तारीख?"

धाकटीने पुड्याची कड सोलली. "वीस ना."

"मग आज कशाला? पुढच्या गुरुवारी ये. नऊला टोचलं तरी एकोणीसला कार्ड लागू होतं. आज बाहेर दोन माणसं ताटकळत बसलीत, त्यांना खरंच घाई आहे. त्यांतल्या एकाला देते तुझा डोस."

बाहेर खरं तर कोणीच नव्हतं. बाई आयुष्यात पहिल्यांदाच लसीच्या खोलीत खोटं बोलल्या होत्या, आणि ते त्यांना फार सोपं गेलं.

"आजच दे ना. आलेच आहे तर."

"तारीख सांग. तारखेशिवाय मी कुणालाही टोचत नाही."

पंख्याच्या वाऱ्याने रजिस्टरचं पान फडफडलं. बाईंनी ते तळहाताने दाबून धरलं आणि वाट पाहिली.

"तेरा," धाकटी म्हणाली.

बाईंनी तेरा लिहिलं. "आणि माझं?"

"तुझा व्हिसाचा अर्ज मी दिलाच नाही ताई. दादाने ऐन वेळी हात वर केले. वहिनी म्हणाली, आईचं रात्री-अपरात्री उठणं तिला झेपणार नाही. मग कुणीतरी एकीनेच जायचं होतं."

"आणि ती तू."

"मी राहिले असते गं. पण आईला काही झालं तर मला काय कळणार? दादाही तेच म्हणाला, ती नर्स आहे, ती घरी असलेली बरी. तुला निघायच्या आदल्या दिवशी सांगणार होते. आधी सांगितलं असतं तर तू..."

"तर मी काय?"

धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. एरवी बाईंनी ते रुमालाने पुसलं असतं. आज त्यांना त्या पाण्याचा राग आला. मला विचारलं असतंस तर मीच तुला जा म्हटलं असतं, हे त्यांच्या ओठावर आलं होतं. ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच त्यांनी गिळलं. इतकं तरी हिला फुकट मिळू नये असं त्यांना वाटलं.

त्यांनी धाकटीचा दंड पुसला आणि टोचलं. नीट, हलक्या हाताने. कार्ड भरलं, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"अर्धा तास बाहेर बसून राहायचं. गरगरलं तर सांग," त्या म्हणाल्या. "सांभाळून जा" म्हणायचं मात्र तोंडात आलं नाही.

कुपीत एक डोस उरला होता. चारनंतर तो फेकावा लागणार होता. दुपारी डॉक्टरीणबाई डोकावल्या आणि म्हणाल्या, "तुमचं राहिलंय ना? आणा हात." बाईंनी बाही वर केली. नको कशाला म्हणायचं, आणि कारण काय सांगायचं? कार्डावर डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, आयुष्यभर ग्राह्य. शिक्का बाईंनीच मारला.

घरी पोचायला साडेसहा झाले. आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. बाईंनी ठरवलं होतं, हिला आज काही सांगायचं नाही. मुलाने आपल्याला नको म्हटलं हे म्हातारीला कळलं तर ती खचेल. बूट सोडायला त्या वाकल्या तशी दंडावरची पट्टी दिसली.

"टोचून घेतलंस?" आई म्हणाली. "आता कशाला गं?"

बाई बुटाची नाडी धरून तशाच वाकलेल्या राहिल्या. घरात फोन एकच होता आणि तो दिवसभर त्यांच्या पर्समध्ये होता.

"तुला कधीपासून माहीत आहे आई?"

आईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "दादा आला होता एका रविवारी. तू डोंगरावर गेली होतीस. महिना झाला असेल. तुला सांगू नको म्हणाला. मलाही त्याच्याकडे करमत नाही गं. इथे तू असतेस."

महिना. म्हणजे तीस संध्याकाळी ही इथे बसून विचारत होती, बसले का गं पायात. दादाचं समजू शकत होतं, तो असाच होता. धाकटीचंही एक वेळ समजलं असतं. पण आपल्या पायाची सालटी निघू नयेत म्हणून रोज चौकशी करणारी ही, केसाने गळा कापत होती हे बाईंच्या मनात कधी आलं नसतं. त्यांनी एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही आता पायात अगदी छान बसले होते.

आई काठी टेकत उठली. चुलीपाशी जाऊन तिने फडकं गरम केलं आणि घडी करत परत आली, गेली पन्नास वर्षं मुलांच्या दुखण्याला तिच्याकडे हाच एक उपाय होता. "सुजेल बघ उद्या. आण इकडे, शेकते."

बाईंनी बाही खाली ओढली.

"राहू दे आई," त्या म्हणाल्या. "मी नर्स आहे. माझं मी करते."