नंबर एकाच जागी

दुष्काळाच्या त्या वर्षांत आमचा पाणी-मदतीचा गट शहरात, गारखेड्यातल्या दोन खोल्यांतून चालायचा. आजूबाजूला नव्या इमारती उठत होत्या. टँकरच्या मागण्या ईमेलवर यायच्या आणि ते काम माझ्याकडे होतं. दोन ईमेल-याद्या होत्या, एक शहरातल्या कार्यकर्त्यांची आणि दुसरी गंगापूर तालुक्यातल्यांची; यादीला लिहिलेलं पत्र तिच्यावरच्या सगळ्यांना जायचं. एकीवर आलेलं पत्र आपोआप दुसरीवर जायचं, पण प्रत्येक यादी त्याला आपला नंबर लावायची. मध्ये काही पत्रं अडकली आणि नंबरांत सहाचा फरक पडला. मला तो दिसला होता. चालतंय म्हणून मी सोडून दिला.

मग शहरातून कुणी लिहिलं, "११८ दोनदा आलंय, रद्द करा." गंगापुरात ११८ म्हणजे एका मेंढपाळ वस्तीची मागणी होती. तिथं तीच रद्द झाली आणि टँकर गेला नाही.

तिसऱ्या दिवशी त्या वस्तीवरच्या एका बाईंचा फोन आला. "ताई, टँकर काहून नाय आला?"

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

"चूक राहू द्या. आज येतो का तेवढं सांगा."

दुपारी टँकर पोचला. तोवर त्यांच्या दोन मेंढ्या गेल्या होत्या.

गटप्रमुख म्हणाले, "नंबर काढूनच टाका, तारीख लिहू." एकाच तारखेला दहा-दहा पत्रं यायची. मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही याद्यांची छापील पानं घेऊन एसटीनं गंगापूर गाठलं. तिथली यादी एक निवृत्त शिक्षक आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर सांभाळायचे. त्यांच्या ओसरीवर आम्ही एकेक पत्र ताडून पाहिलं.

"नंबर एकाच जागी पडाया पाहिजे," सर म्हणाले. "शाळेच्या रजिस्टरात बघा, पोरगं शाळा सोडून गेलं तरी त्याचा नंबर दुसऱ्याला देत नाय."

"मग सगळी पत्रं आधी शहराच्या यादीवर घेऊ."

सरांनी हातातलं पान खाली ठेवलं. "तहान इकडं, न् शिक्का तिकडं?"

त्यांचं बरोबर होतं. त्याच आठवड्यात शहराच्या यादीचं नंबर लावणं मी बंद केलं. सगळी पत्रं आधी गंगापूरच्या यादीवर जाऊ लागली आणि तिथं पडलेला नंबरच दोन्हीकडे दिसू लागला. रद्द झालेल्या पत्राचा नंबर तसाच मोकळा ठेवायचा, हेही ठरलं.

शहरात कुरकुर झाली. गंगापुरात वीज गेली की सरांचा कॉम्प्युटर बंद पडायचा आणि पत्रं थांबायची. "तोवर दोन-चार नंबर इकडेच हातानं टाका की," असं मला कितीदा तरी सांगण्यात आलं. मी दर वेळी नाही म्हणाले. घाईचं असेल तर मी सरांना फोन करायचे आणि ते वहीत पुढचा नंबर लिहून मला कळवायचे.

उन्हाळा संपेपर्यंत रोज सकाळी मी दोन्ही याद्या शेजारी-शेजारी उघडून ताडून पाहत असे. नंबरांत पुन्हा फरक पडला नाही. तरी मी पाहत राहिले.