ताईचा जुना पेपर

जिन्यात शेजारच्या दोघी बहिणी बसल्या होत्या. मोठी आपला सायन्सचा जुना पेपर धाकटीला वाचून दाखवत होती.

“डोळ्याची आकृती पक्की कर. टीचर दरवर्षी तीच टाकतात.”

“मग माझ्याऐवजी परीक्षेला तूच जा ना.”

आमच्या शाळेतही प्रश्न असेच परत यायचे. पेपर हातात पडला की ताई असलेल्या मुली गालात हसायच्या. मी घरात थोरली. तेव्हा तो अन्याय वाटायचा. आता मार्कांचं काही वाटत नाही. शेजारी बसून “हे येणारच” म्हणणारं कुणी असायला हवं होतं, एवढंच वाटतं.

तळमजल्यावरची मुलगी खालच्या पायरीवर एकटीच वाचत होती.

“वर ये गं,” मोठी तिला म्हणाली, “तुलाही त्याच टीचर आहेत ना?”

घराची किल्ली हातात होती, तरी मी दार उघडलं नाही; तिथेच ऐकत राहिले.